सशाला लंघन नको

प्रश्न : लेकीच्या नवव्या वाढदिवसाला तिच्या मामाने ससा आणून दिला. पांढराशुभ्र, म्हणून नाव कापश्या. आता दीड वर्षाचा झालाय, वजन सव्वादोन किलो. दुकानदाराने सांगितलं होतं, गाजर आणि पोळी घाला, पाणी फार ठेवू नका, पाण्याने ससे दगावतात. त्याप्रमाणे सकाळी पोळी, दुपारी गाजर, आणि दुकानातल्या रंगीत दाण्यांची वाटी कायम भरलेली असते. संध्याकाळी आजोबांच्या हातून पेढ्याचा कण ठरलेला. 'साताऱ्याचा ससा कंदी पेढ्यावाचून कसा राहील,' असं त्यांचं म्हणणं. गेले पंधरा दिवस कापश्याचं पोट बिघडलंय. सकाळी पिंजऱ्यात काळपट, चिकट, द्राक्षाच्या घोसासारखी शी असते. मागच्या केसांना ती चिकटते, घाण वास येतो. त्यात परवा तो स्वतःचीच शी खाताना लेकीने पाहिला आणि तिला ओकारी आली. सासूबाई म्हणतात, दोन दिवस लंघन घाला, मग दहीभात द्या. आमचे हे म्हणतात, धाकट्याच्या अँटिबायोटिकची बाटली उरलीय, दोन थेंब देऊन बघू. इथले बहुतेक डॉक्टर गाईम्हशींचे. मी काय करू?
– एक आई, सातारा

ताई, पत्र वाचल्यावर पहिलं काम केलं ते तुम्हाला निरोप धाडण्याचं. लंघन नको, दहीभात नको आणि ती औषधाची बाटली आधी कपाटात जाऊ दे. सोबत दोन प्रश्न विचारले होते. कापश्या आपणहून खातोय का? आणि त्या चिकट घोसांखेरीज कोरड्या, टणक, हरभऱ्याएवढ्या लेंड्या पडतात का? दोन्हींना तुमचं 'हो' आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आता सविस्तर लिहिते.

कापश्याला जुलाब झालेले नाहीत. तुम्ही ज्याला शी म्हणताय ते त्याचं जेवण आहे, आणि ते त्याने खाल्लं नाही ही खरी अडचण आहे. लेकीला हे सांगा, तिची ओकारी कमी होईल की वाढेल ते मात्र मला सांगता येणार नाही.

गाय गवत खाते, मग निवांत बसून रवंथ करते. सशाचाही रवंथ असतो, फक्त त्याची वाट वेगळी. त्याच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर सीकम नावाची एक भलीमोठी पिशवी असते. पचनसंस्थेत मावणाऱ्या ऐवजातला साधारण ४० टक्के भाग एकट्या या पिशवीत असतो. खाल्लेल्या गवताची आतड्यात चाळणी होते. जाड, चिवट तंतू भराभर पुढे सरकतात आणि कोरड्या लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक चोथा आणि रस मात्र उलटा मागे, त्या पिशवीत ढकलला जातो. तिथे कोट्यवधी जिवाणू तो आंबवतात, आपल्याकडे डोशाचं पीठ आंबतं तसा. काही तासांनी त्याचे मऊ, चकचकीत, बुळबुळीत आवरणाचे घोस तयार होतात. त्यात प्रथिनं असतात, ब गटातली जीवनसत्त्वं असतात, क जीवनसत्त्व नव्हे पण के जीवनसत्त्व असतं. ससा हे घोस जमिनीवर पडूच देत नाही. रात्री किंवा पहाटे मान वळवून थेट गुदद्वारापाशी तोंड नेतो आणि न चावता गिळतो. म्हणून बहुतेक घरांत ते कुणाला दिसतही नाहीत. तुमच्या लेकीला दिसलं ते आजाराचं लक्षण नव्हतं, ती तर सगळ्यात चांगली बातमी होती.

मग घोस पिंजऱ्यात का पडून राहतात? बहुतेक वेळा कारण एकच. पोळी, दाणे, गाजर, पेढा यांतली साखर आणि पिठूळ भाग त्या पिशवीपर्यंत पोचतो, तिथलं आंबवण बिघडतं आणि घोस पातळ, चिकट, उग्र वासाचे होतात. शिवाय पोट भरलेलं असल्यामुळे सशाला ते खावेसे वाटत नाहीत. त्यात ससा लठ्ठ असेल तर तोंड मागेपर्यंत पोचतही नाही. कापश्याच्या फासळ्यांवरून हलका हात फिरवून बघा. पातळ गोधडीखालून बोटं लागावीत तशा त्या हाताला लागल्या पाहिजेत. शोधाव्या लागत असतील तर वजन जास्त आहे.

खरे जुलाब वेगळे दिसतात. पाण्यासारखं पातळ, आणि टणक लेंड्या जवळजवळ बंद. तसं झालं, विशेषतः दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला, तर संध्याकाळपर्यंत वाट बघायची नसते.

हे सगळं मी आज शहाणपणाने सांगतेय खरी, पण मला स्वतःला ते उशिरा कळलं. आमचा अभ्यास गाय, म्हैस, शेळी, फार तर कुत्रा यांच्यात संपला. ससा म्हणजे परीक्षेपुरती दोन-चार पानं. पदवी घेऊन बाहेर पडले त्या वर्षी एका शाळकरी मुलीने असाच मागून बरबटलेला ससा आणला. मी मोठ्या रुबाबात सांगितलं, 'आज रात्री उपाशी ठेव, पोटाला विश्रांती मिळू दे.' माझ्या आजीचं वाक्य होतं ते, डॉक्टरकीचं नव्हे. दुसऱ्या दिवशी ससा आला तो पाठीची कमान करून, कान गार, दात करकर वाजवत. पोट थांबलं होतं. पुढचे तीन दिवस कातडीखाली सलाइन, वेदनाशामक आणि पाण्यात कालवलेली गवताची भुकटी पिचकारीने तोंडात. तो वाचला, त्यात माझं कर्तृत्व थोडं आणि त्याची जिद्द जास्त.

म्हणून सासूबाईंच्या लंघनाला माझा एवढा विरोध. त्यांचं चुकतंय असं त्यांना म्हणू नका. माणसाला अजीर्ण झालं की त्यांचा उपाय योग्यच आहे. पण आपलं पोट रिकामं राहिलं तर विसावतं, सशाचं थांबतं. त्याचं जठर कधी पूर्ण रिकामं होत नाही, होऊ द्यायचंही नसतं. आतडी हलती राहण्यासाठी त्यांच्यातून जाड तंतू सतत सरकत राहावा लागतो. तो थांबला की आतला ऐवज सुकतो, वायू धरतो, दुखायला लागतं, दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आणखी थांबतं. लठ्ठ सशाने एक-दोन दिवस अन्न सोडलं तर यकृतावर चरबी चढते ती वेगळीच. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं पुढेच सरकायला हवं, दुसरा मार्गच नाही. ऑपरेशनच्या आधीसुद्धा माहीतगार डॉक्टर सशाला माणसासारखं रात्रभर उपाशी ठेवत नाहीत.

दहीभाताचंही तेच. भात म्हणजे निव्वळ पिठूळ, दही म्हणजे दुधाचा पदार्थ. आजारी माणसाला मऊ खायला घालणं ही आपल्या घरांतली माया आहे. सशावर माया करायची तर चिवट आणि कोरडं घालावं लागतं.

आता बाटलीबद्दल, आणि इथे मी आवाज चढवणार आहे. लहान मुलांच्या अशा उरलेल्या बाटलीत बहुधा अमॉक्सिसिलिन असतं. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे सशाला दिली, तर त्या पिशवीतले उपयोगी जिवाणू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंना रान मोकळं मिळतं. त्यांचं विष अंगात भिनून ससा काही दिवसांत जातो. अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यांचीही तीच कथा. दोन थेंब म्हणजे थोडंच, असं समजू नका. सशाला चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, पण ती सशाला तपासून डॉक्टरने लिहून द्यायची. तसंच जुलाब थांबवायची माणसांची गोळी. ती आतड्यांची हालचाल मंद करते, आणि ज्या प्राण्याला सगळा धोका आतडी थांबण्याचाच आहे त्याला ती देणं म्हणजे आगीत तेल. जाता जाता आणखी एक. पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकतात त्या थेंबांपैकी फिप्रोनिल असलेले थेंब सशाला विषासारखे आहेत. सशालाही टाकून टाकू, असं घरात कुणाच्या मनात येऊ नये म्हणून सांगितलं.

तर खायला काय? गवत. ताटातली कोशिंबीर म्हणून नव्हे, ताट म्हणजेच गवत. दिवसभराच्या खाण्यातला ८० ते ८५ टक्के वाटा वाळलेल्या किंवा ताज्या गवताचा हवा, आणि रात्री तुम्ही झोपताना त्याच्यापुढे त्याच्या अंगाएवढा ढीग असायला हवा. ससा पहाटे आणि संध्याकाळी जास्त खातो. सकाळी गवत संपलेलं दिसलं तर कमी पडलं असं समजायचं.

परदेशी माहितीत तुम्हाला टिमोथी गवताचं नाव सापडेल. ते इथे पाकिटातून येतं आणि किंमत बघून यजमानांचाच घास अडकेल. परवडत असेल तर खुशाल आणा, पण अडून बसू नका. साताऱ्याच्या आसपास डोंगरउतारावरचं गवत पावसाळ्यानंतर कापून, वाळवून गंजी लावतात. मारवेल, पवन्या, नुसतं डोंगरी गवत, यांपैकी काहीही चालेल. गुरं पाळणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून पेंढ्या मिळवा. हिरवट पिवळं, खमंग वासाचं हवं. पेंढी मधून उलगडून नाकाला लावा. कुबट वास आला, पांढरी किंवा काळी बुरशी दिसली, धूळ उडाली, तर परत करा. बुरशी गाईला एकवेळ पचेल, कापश्याला नाही. भाताचा पेंढा अंथरायला उत्तम, खाण्यात कस नाही. ज्वारीचा कोरडा कडबा कुरतडायला चालेल, पण त्यावर पोट नको, आणि कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको. तिने गुरं दगावतात हे तुमच्या गावाकडचं कुणीही सांगेल.

गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजे हरळी, सशाला फार आवडते. परदेशात हेच गवत बर्म्युडा नावाने वाळवून सशांसाठी विकतात. देवळाबाहेरच्या जुड्या मात्र धुऊन घ्या. रस्त्याकडेची, कुत्रे फिरतात तिथली, तणनाशक मारलेली हरळी टाळा. लॉन कापायच्या यंत्रातून निघालेला चुराही नको, तो तासाभरात तापून आंबायला लागतो.

नावांच्या गफलतीत दोन सापळे आहेत. एक, लसूणघास. सशाला कांदा-लसूण विषारी, हे वाचून एका बाईंनी घाबरून मला विचारलं होतं. लसूणघासाचा लसणीशी काही संबंध नाही, तो लुसर्न, म्हणजे अल्फाल्फा. सहा महिन्यांच्या आतल्या वाढत्या पिल्लांना चांगला. कापश्याच्या वयाच्या सशाला रोजचा चारा म्हणून नको, कारण त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम फार. सशाचं शरीर खाण्यातलं कॅल्शियम जवळजवळ जेवढं मिळेल तेवढं शोषतं आणि जास्तीचं लघवीतून टाकतं. मग लघवी चुन्यासारखी पांढरी, दाट होते आणि मूत्राशयात गाळ साठतो. दुसरा सापळा गाजरगवत. नाव गोड, पानं गाजराच्या पाल्यासारखी, उगवतं सगळीकडे. ते काँग्रेस गवत आहे, १९५०च्या दशकात पुण्यात त्याची पहिल्यांदा नोंद झाली आणि आता देशभर माजलंय. ते विषारी आहे. लेकीला गवत तोडायला पाठवणार असाल तर आधी हे झाड ओळखायला शिकवा. सोबत घाणेरी, रुई, कण्हेर, धोतराही दाखवा.

गवताचं दुसरं काम दातांचं. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चघळताना खालचा जबडा आडवा फिरतो आणि दात झिजतात. पोळीने किंवा दाण्यांनी ते होत नाही. गवत पुढे असूनही तो नुसतं हुंगून सोडतो, लाळ गळते, हनुवटी ओली राहते, असं दिसलं तर मागच्या दाढांना टोकं आलेली असतात. ती जिभेला, गालाला कापतात. तोंडात टॉर्च मारून घरी दिसत नाहीत, डॉक्टरकडूनच बघून घ्यावं लागतं. कापश्याला दीड वर्षात गवत मिळालेलंच नाही, तेव्हा एकदा दाढा तपासून घ्याच.

पाल्यापैकी कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, कधी थोडी मेथी, अशी दोन-तीन मुठींची भाजी रोज द्या. धुऊन, आणि एका वेळी एकच नवा पाला, दोन-तीन दिवस लेंड्या बघून मगच पुढचा. पालकात ऑक्झॅलेट नावाचा क्षार जास्त म्हणून तो आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी. कोबी-फ्लॉवरने काही सशांना वायू धरतो. कांदा, लसूण, कच्चा बटाटा, चॉकलेट, बिस्किटं, शेंगदाणे, चणे घराच्या त्या बाजूलाच जाऊ देऊ नका.

गाजराचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण लेक विचारेलच. चित्रातल्या प्रत्येक सशाच्या हातात गाजर असतं. रानातले ससे मुळं उकरून खात बसत नाहीत. गाजर म्हणजे त्याचा पेढा. आठवड्यातून दोनदा, अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. सफरचंदाची फोड तेवढीच, बिया काढून.

आता ती रंगीत दाण्यांची वाटी. एडिनबरा विद्यापीठात डच जातीच्या ३२ सशांवर १७ महिने एक अभ्यास झाला होता. काहींना फक्त गवत, काहींना गवत आणि एकसारख्या गोळ्या, काहींना असं मिश्र दाण्यांचं खाणं, गवतासह किंवा गवताविना. मिश्र खाण्यावरचे ससे आवडीचे दाणे वेचून खात आणि चांगले ते टाकत, अगदी आपली मुलं चिवड्यातले शेंगदाणे वेचतात तशी. त्यांनी गवत कमी खाल्लं, पाणी कमी प्यायले, लेंड्या कमी आणि लहान पडल्या, वजनं वाढली आणि दात बिघडले. तेव्हा ते पाकीट संपलं की पुन्हा आणू नका. त्याऐवजी एकसारख्या हिरवट-तपकिरी गोळ्यांचं खाणं मिळतं. पाकिटावर तंतूचं प्रमाण १८ टक्के किंवा जास्त लिहिलेलं बघा. कापश्याच्या वजनाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, दोन भागांत. मांसासाठी पाळलेल्या सशांचं पोतंभर स्वस्त खाद्य मिळतं, ते लवकर वजन चढवण्यासाठीच बनवलेलं असतं, त्याच्या नादी लागू नका.

पण हे सगळं एका दिवसात करू नका! आज पोळी बंद, पेढा बंद, दही तर कधीच नाही. गवत आजपासून ढीगभर. पाण्याचंही आजपासूनच, ते पुढे सांगते. रंगीत दाणे मात्र दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करत न्या आणि तेवढ्या नव्या गोळ्या मिसळा. पाला पहिला आठवडाभर थांबू दे, घोस घट्ट व्हायला लागले की सुरू करा. आयुष्यभर पेढे खाल्लेल्याला एकदम गवतावर बसवलं तर तो रुसून उपाशी राहील, आणि उपाशी राहणं म्हणजे काय ते वर सांगितलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करून कॅलेंडरवर लिहा. आठवड्याला ३०-४० ग्रॅम उतरलं तर ठीक, भराभर उतरू लागलं तर मला किंवा डॉक्टरला विचारा.

पाण्याने ससे मरतात, हे ऐकून ऐकून माझे कान किटले. कुणी काढलं कोण जाणे. सशाला दर किलोमागे दिवसाला ५० ते १०० मिलिलिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्त. म्हणजे कापश्याला मोठा पेलाभर. कोरडं गवत खाणाऱ्याला पाणी नसेल तर पोटातला गोळा सुकणारच. मातीची किंवा चिनी मातीची जड वाडगी ठेवा, लवंडणार नाही. नळीच्या बाटलीपेक्षा वाडग्यातून ससे जास्त पितात.

तुमचं पत्र मे महिन्यातलं, म्हणून उन्हाबद्दल चार शब्द. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला सोसेनासं होतं, खाणं मंदावतं आणि पोटही. पत्र्याखाली किंवा गच्चीवर पिंजरा असेल तर आजच खाली आणा. बाटलीत पाणी गोठवून ती फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवा, ओल्या हाताने कान पुसा, फरशी गार असेल तिथे मोकळं सोडा. अंगावर गार पाणी ओतू नका.

मागचे केस साफ करताना आंघोळ घालायची नाही. सशाला पाण्यात बुडवलं की तो इतका घाबरतो की त्या भीतीनेच दगावू शकतो. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने तेवढाच भाग पुसा, गुंता असेल तर केस जपून कापा, तिथली कातडी फार पातळ असते. मग कोरडं करा. पावसाळा तोंडावर आहे. बरबटलेल्या केसांवर माशा अंडी घालतात आणि दिवसभरात तिथे किडे पडतात. तेव्हा घोस बंद होईपर्यंत सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली बघायचं.

केस झडण्याच्या काळात ससा स्वतःला चाटून बरेच केस गिळतो. पोटात केसांचा गोळा झाला म्हणून अननसाचा रस पाजा, असंही कुणीतरी सांगेल. त्या रसाने केस विरघळत नाहीत, साखर मात्र आत जाते. केस पोटात असतातच, आतडी चालती असली की ते लेंड्यांतून निघून जातात. कधी मण्यांच्या माळेसारख्या केसाने ओवलेल्या लेंड्या दिसतील. मग गवत वाढवा आणि रोज विंचरा.

आता धोक्याची लक्षणं, ही कागदावर लिहून पिंजऱ्याशेजारी चिकटवा. दहा-बारा तास काही खाल्लं नाही. लेंड्या एकदम लहान, वेड्यावाकड्या किंवा बंद. कोपऱ्यात पाठ वर काढून बसलाय, पोट जमिनीला दाबतोय, दात जोराने करकर वाजवतोय. कान गार. आवडती कोथिंबीर नाकाला लावली तरी तोंड फिरवतो. यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. पोट ढोलासारखं ताठ फुगलं असेल तर पिचकारीने काही भरवूही नका, आत अडथळा असू शकतो. तो आहे की नाही हे डॉक्टर हाताने चाचपून आणि एक्सरे काढून ठरवतील, मगच सलाइन, वेदनाशामक, आतडी हलवणारं औषध यांतलं काय द्यायचं ते. रात्र काढू, सकाळी बघू, असं सशाच्या बाबतीत चालत नाही. तो सावज प्राणी, दुखणं शेवटपर्यंत लपवतो. दिसायला लागलं तेव्हा बराच वेळ गेलेला असतो.

बहुतेक डॉक्टर गाईम्हशींचे, हे तुमचं म्हणणं खरं असलं तरी तुमच्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पुण्याच्या हमरस्त्यावरच. इतर वाचकांसाठी सांगते, सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं मुंबईत परळला, नागपूर, परभणी आणि उदगीरलाही आहेत. गाडी काढण्याआधी फोन करून विचारा, सशाचे दात आणि पोट बघणारं कुणी आहे का आणि कोणत्या वेळी. हे आत्ता, सगळं ठीक असतानाच करून ठेवा. नेताना खोक्यात त्याचंच गवत घाला म्हणजे वाटेतही तो चघळत राहील, आणि आदल्या दिवसाच्या लेंड्या पिशवीत घेऊन जा. डॉक्टर नाक मुरडणार नाहीत, उलट खूश होतील.

राहिल्या सासूबाई. त्यांना लंघन रद्द झाल्याचं वाईट वाटेल, तर त्यांच्याकडे एक खातं सोपवा. रोज सकाळी पिंजरा झाडताना लेंड्या बघायच्या. निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे टाकतो, मोजत बसायला नको, सुपात घेतल्या की डोळ्यांना अंदाज येतो. एकसारख्या आहेत का, फोडल्यावर आत गवताचा भुगा दिसतो का, किती घोस पडलेत. धान्य निवडून आयुष्य गेलेल्या बाईची नजर या कामाला माझ्यापेक्षा चांगली. तीन आठवड्यांनी काय दिसतंय ते मला कळवा.

आणि आजोबांचं संध्याकाळचं देणं बंद करू नका, फक्त बदला. त्यांच्या हातात दूर्वांची जुडी द्या. पेढा त्यांनी स्वतः खावा, साखर बेताची असेल तर.